गाव कोणत्या महिन्यात मोजायचं?

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा माहितीफलक नव्याने रंगवणं चाललं होतं. बालाघाटाच्या डोंगरातलं, धारूर-वडवणीच्या अंगाचं एक गाव. निळ्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं: क्षेत्रफळ, एकूण कुटुंबं, लोकसंख्या, पुरुष, स्त्रिया, अनुसूचित जाती, अंगणवाड्या, हातपंप. रंगारी जुन्या आकड्यांवरूनच ब्रश फिरवत होता. आकडे बदलायचेच नव्हते. २०११ नंतर जनगणना झाली नाही, त्यामुळे फलक कितीदाही रंगवला तरी गाव तेवढंच. पारावर बसलेल्या एका आबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "ही माणसं दिवाळीची का संक्रांतीची?" रंगारी हसला, ग्रामसेवकही हसले. पण आबांनी थट्टा केलेली नव्हती, आणि तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

या गावाला एक आकडा नाहीच. दिवाळीच्या आठवड्यात पिठाची गिरणी रात्री अकरापर्यंत चालते, किराण्याच्या दुकानात रवा-मैद्याची पोती दारातच उघडी असतात, देवळासमोर मोटारसायकली लावायला जागा मिळत नाही. संक्रांत उलटून गेल्यावर त्याच गल्लीतून दुपारी चालत जा. ओळीने कुलपं दिसतात, माणसं ऊसतोडीला गेलेली. मधल्याच एखाद्या ओट्यावर म्हातारी शेंगा फोडत बसलेली असते, तिच्या मांडीशी नातू आणि दाव्याला एक शेळी. गिरणीवाला दिवसाआड येतो, तेही तासाभरापुरता. मे महिन्यात परत सगळं भरतं, लग्नांचे मांडव पडतात, आणि नेमकं तेव्हाच विहिरीचं पाणी तळाला जातं. तीन महिने, तीन गावं. फलकावर रंगवलेलं यातलं नेमकं कोणतं?

कागदोपत्री उत्तर सोपं आहे. २०११ च्या जनगणनेचा संदर्भक्षण होता १ मार्च २०११, मध्यरात्री शून्य वाजता. प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली आणि १ ते ५ मार्चला फेरतपासणीची फेरी. नियम असा की त्या वीस दिवसांत माणूस घरी असेल किंवा मध्ये कधीतरी परत येणार असेल तर त्याला घरी मोजायचं. जो पूर्ण काळ बाहेर आहे त्याला घरी मोजायचं नाही, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. ज्यांना घरच नाही, म्हणजे रस्त्याकडेला, पुलाखाली, उघड्यावर झोपणारे, ते २८ फेब्रुवारीच्या रात्री. नियम म्हणून यात खोट काढता येत नाही. फक्त फेब्रुवारी हा ऊसतोडीचा भर हंगाम आहे, आणि बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली पुष्कळ माणसं त्या वीस दिवसांत कुठल्या ना कुठल्या फडावर, म्हणजे तोड चाललेल्या उसाच्या रानात, असतात.

दसऱ्याच्या आसपास मुकादमाची, म्हणजे तोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या ठेकेदाराची, ये-जा वाढते. उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, पुष्कळदा उन्हाळ्यातच, कुणाच्या लग्नासाठी, कुणाच्या दवाखान्यासाठी. हिशेब माणसांचा नसतो, कोयत्यांचा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादमाच्या वहीत गावाची लोकसंख्या अशी लिहिलेली असते, आणि त्या वहीइतकी खरी यादी तालुक्याच्या कुठल्याही कार्यालयात मिळायची नाही, कारण त्यात प्रत्येक नावापुढे पैसे लिहिलेले आहेत. दिवाळी झाली की ट्रॅक्टर दारात येतो. ट्रॉलीत काय काय चढतं ते बघण्यासारखं असतं: पत्र्याची पेटी, तवा, काठवट, ज्वारी-बाजरीची पोती, पाण्याचं पिंप, कोपीसाठी, म्हणजे फडावरच्या झोपडीसाठी, बांबू आणि ताडपत्री, सरपणाचा भारा, टोपलीखाली कोंबड्या, दोन शेळ्या. सगळ्यांत शेवटी कडेवरचं पोर घेऊन बाई चढते आणि कुत्रं आपणहून उडी मारतं. घराला कुलूप लागतं. किल्ली सासूकडे, सासू नसेल तर शेजारी. दारापुढची तुळस जिच्या वाट्याला येते तिने पाच महिने पाणी घालायचं असतं. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की हाच ट्रॅक्टर मार्च-एप्रिलात उलटा येतो.

आता या गल्लीत वही घेऊन उतरणाऱ्या गुरुजींचा विचार करा. प्रगणक, म्हणजे दारोदार मोजणी करणारा, बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षकच. त्याच्या वाट्याला एक गट येतो, साधारण सव्वाशे-दीडशे घरांचा, सहा-साडेसहाशे माणसांचा. माणसं मोजण्याआधी घरयादीची फेरी होते, तीत नजरी नकाशा काढलेला असतो: पक्कं बांधकाम चौकोनाने, कच्चं त्रिकोणाने दाखवायचं, रस्ते, विहीर, देऊळ खुणेने, आणि घरांचे क्रमांक बाणाच्या दिशेने सलग. फेब्रुवारीत तो त्याच क्रमाने फिरतो. कुलूप, कुलूप, म्हातारी, कुलूप. म्हातारीला विचारलं, "मावशी, घरात कोण कोण?" की ती बोटांवर सगळी मोजते: दोन लेकं, दोन सुना, पाच नातवंडं. "कुठंयत?" "कारखान्याला गेल्यात की. येतील पाडव्याला." नियमाप्रमाणे इथे फक्त म्हातारी लिहायची आणि तिच्यापाशी ठेवलेला नातू. पण तिला ते पटत नाही. घर तिच्या लेकांचं, रेशनकार्डावर त्यांची नावं, ग्रामपंचायतीची घरपट्टी त्यांच्या नावावर, आणि समोर बसलेला हा गुरुजी म्हणतो ते इथले नाहीत! काही गुरुजी नियम पाळतात. काही जण, विशेषतः गावातलेच असले तर, सगळी नावं लिहून घेतात. तिकडे फडावर दुसऱ्या गुरुजीने तीच माणसं लिहिली असतील तर एक माणूस दोनदा. तिकडे कुणी फिरकलंच नसेल आणि इकडच्याने नियम पाळला असेल, तर एकदाही नाही.

माणसांपेक्षा चूल मोजणं अवघड.

जनगणनेत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकावर जेवणारी माणसं. रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही. तीन भाऊ एकाच वाड्यात राहतात, पण गॅसच्या शेगड्या तीन, तर कुटुंबं तीन. उलट दोन भाऊ दोन घरांत झोपतात पण जेवतात आईच्या हातचं, तर कुटुंब एक. हे ऐकायला सरळ वाटतं. पण ज्वारी एका कणगीतली, पीठ एकत्र दळलेलं, भाजी वेगळी, आणि सणाला सगळे एका पंगतीला, असंही असतं. त्यात रेशनकार्ड विभक्त असलं की धान्य वेगळं मिळतं, घरकुलाच्या यादीत नाव वेगळं लागतं. म्हणून कागदावर चुली आधी फुटतात, प्रत्यक्षात नंतर, आणि कधी कधी फुटतही नाहीत. फडावर तर आणखी निराळं. तिथे भाऊ-भाऊ शेजारी शेजारी कोप्या घालतात, एक सून पहाटे तीन वाजता दोन्ही कोप्यांच्या भाकरी थापते आणि दुसरी अंधारात उसाला लागते. दोन चुली मांडलेल्या, पेटते एक. लिहायची किती? गावोगावी कुटुंबांची संख्या लोकसंख्येपेक्षा जोरात वाढलेली दिसते. त्यातली किती वाढ संसारांची आणि किती योजनांची, हे आकड्यावरून सांगता येत नाही.

वयाचा रकाना आणखी गमतीचा. पूर्ण झालेली वर्षं लिहायची. पन्नाशीच्या पुढे गेलेल्यांची वयं शून्यावर किंवा पाचावर येऊन थांबतात: पंचावन्न, साठ, पासष्ट, सत्तर. एकसष्ट किंवा अडुसष्ट वर्षांचं माणूस खेड्यात क्वचितच भेटतं. जाणता प्रगणक वय विचारत नाही, प्रसंग विचारतो. रझाकाराच्या वेळी रांगत होता का चालत होता? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली तेव्हा लग्न झालं होतं का? किल्लारीच्या भूकंपात पोरगं पोटात होतं का कडेवर? १९४८, १९७२, १९९३ अशा तीन खुंट्यांना मराठवाड्यातली पुष्कळ वयं अडकवता येतात. आधारकार्ड आल्यापासून हे काम सोपं झालं असं म्हणतात. पण आधारवर ज्यांचा वाढदिवस १ जानेवारी आहे असे लोक एकेका वस्तीवर मोजून बघावेत, म्हणजे सोपं झालं का नुसतं छापलं गेलं ते कळतं.

मग येतो कामाचा रकाना. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामकरी, कमी केलं तर सीमांतिक. आणि काम चारांपैकी एक: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. दीड एकर कोरडवाहू, त्यात बाजरी नाहीतर कापूस, चार महिने तिथे राबणं आणि पाच महिने कोयता. हा माणूस शेतकरी का मजूर? सातबारा काढून दाखवला की तो ताठ मानेने "शेतकरी" म्हणतो, आणि लिहितात तेच. बाईच्या बाबतीत तर विचारतच नाहीत. दारात उत्तर देणारा सासरा किंवा दीर असतो, तो सांगतो "घरकाम". जी बाई पहाटे स्वयंपाक करून दिवसभर ऊस तोडते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते, आणि जिच्यावाचून कोयता अर्धा होतो, ती तक्त्यात काम न करणारी म्हणून जाते. मला विचाराल तर खेड्याच्या जनगणनेतली सगळ्यांत मोठी चूक याच रकान्यात आहे, डोक्यांच्या संख्येत नाही.

गावात आहे कोण कोण, हे मात्र गल्ल्या सांगतात. बालाघाटावरच्या गावात बहुधा एका भावकीचं पारडं जड असतं. कुठे वंजारी, कुठे मराठा, आणि थोडं बाजूला, दोन-तीन किलोमीटरवर, बंजाऱ्यांचा तांडा. गावठाणाच्या मधोमध देऊळ आणि पाटलाचा पडका वाडा, वाड्याच्या दगडांतून उगवलेली पिंपरणी. उताराच्या बाजूला, जिथून पावसाचं पाणी गावाबाहेर पडतं, तिथे पूर्वीचा महारवाडा आणि मांगवाडा. पाट्यांवर आता भीमनगर आणि अण्णाभाऊ साठेनगर आहे. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० च्या डिसेंबरात घेतला. इथल्या लोकांनी ती त्याच्या कितीतरी आधी बदललेली होती. नाव बदललं, उतार तोच राहिला. सिमेंटचा रस्ता वरच्या अंगाने येतो आणि निधी संपला की त्या वळणावर थांबतो. स्मशानभूमीला पत्र्याचं शेड एकाच बाजूला.

बलुतेदारांची घरं शोधायला गेलं तर गणित चटकन लक्षात येतं. सुताराचं एक घर होतं, आता कुलूप. लाकडी तिफण, कुळव, बैलगाडीची चाकं हे त्याचं काम. ट्रॅक्टरमागे लोखंडी पेरणीयंत्र आलं आणि गाडीला रबरी टायर बसले तेव्हाच त्याचं बलुतं संपलं. तो तालुक्याला गेला, दारं-खिडक्या करतो. लोहाराचा भाता गेला, वेल्डिंगचं दुकान फाट्यावर आलं. पण ते चालवणारा लोहारच असेल असं नाही. परीट कधीच गेला. न्हाव्याची दोन घरं टिकली, त्यातल्या एकाची खुर्ची आता एसटी स्टँडजवळ आहे. गुरवाच्या घरी देवळाची इनाम जमीन आहे म्हणून तो आहे. मुलाण्याची चार घरं आहेत, बकरं कापायचं काम, थोडी शेती आणि पिराचा उरूस सांभाळून. कुंभाराकडून संक्रांतीची सुगडी येतात, पण ती आता त्यानेही बाहेरून विकत आणलेली असतात. ज्यांच्या पोटाची दोरी जमिनीला बांधलेली नव्हती ते आधी निघून गेले. राहिले ते जमीनवाले, आणि ज्यांना जायला जागा नाही ते. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्या गावात पंधरा-सोळा जाती नांदत होत्या तिथे आता सात-आठ उरल्या आहेत. जातीचा पीळ सैल झाला असं मात्र यातून समजू नये. घरं थोडी असली तरी वॉर्डात तीच निर्णायक ठरतात. भावकी दोन पॅनेलांत फुटते, आणि मग न्हाव्याच्या आणि मुलाण्याच्या ओट्यावर दोन्हीकडचे उमेदवार चहाला येऊन बसतात. हंगामात निवडणूक लागली तर गोष्टच वेगळी. १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या १४ हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान झालं, म्हणजे ऐन तोडीत. अशा वेळी फडावरून मतदार आणायला जीपा जातात, मुकादमाला बुडालेल्या दिवसाचा खाडा भरून द्यावा लागतो, आणि एका रात्रीपुरती घरांची कुलपं निघतात.

हे सगळं २०११ च्या तक्त्यात कुठे दिसतं? दिसत नाही. तिथे रकाना एकच: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, की इतर. वंजारी, धनगर, बंजारा, मराठा, माळी, मुलाणी, गुरव सगळे "इतर". राज्याच्या यादीत वंजारी भटक्या जमाती (ड), धनगर भटक्या जमाती (क), बंजारा विमुक्त जाती (अ). प्रत्येकाच्या आरक्षणाची टक्केवारी वेगळी, तांड्यासाठी योजना वेगळी. पण ते किती आहेत हे जनगणना सांगत नाही. सगळ्या जातींची मोजणी होऊन आकडे छापले गेले ते शेवटचे १९३१ साली, आणि तेव्हा हा सगळा मुलूख निजामाकडे होता. म्हणून तर सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारला निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटच्या आधारे मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांचा निर्णय काढावा लागला, आणि त्याआधीपासून लोक तहसिलीतल्या मोडी कागदांत आपल्या खापरपणजोबाच्या नावापुढे काय लिहिलंय ते हुडकत होते. जुन्या कारकुनाने घाईत ओढलेल्या एका शब्दावर आज पोराची फी ठरते.

अनुसूचित जातीचा रकाना तरी सरळ आहे का? नाही. भीमनगरात जात विचारली की उत्तर येतं "बौद्ध". धर्म विचारला तरी "बौद्ध". १९५६ नंतर ज्या नावाचं ओझं आजोबांनी टाकून दिलं ते पुन्हा सरकारी कागदावर लिहायला नातू का तयार होईल? पण बौद्ध हे नाव अनुसूचित जातींच्या यादीत नाही. धर्म बौद्ध आणि जात यादीतली, असं दोन्ही लिहिलं तरच तो माणूस त्या रकान्यात मोजला जातो. १९९० पासून बौद्धांना ती सवलत केंद्रानेही मान्य केली आहे. जातीच्या जागी नुसतं बौद्ध लिहिलं की तो "इतर" होतो. म्हणजे स्वाभिमानाने दिलेल्या उत्तराने वस्तीची अनुसूचित जातीची संख्या कमी भरते, आणि ग्रामपंचायतीतल्या राखीव जागा त्याच संख्येच्या प्रमाणात ठरतात. प्रगणकाने हे समजावून सांगायचं असतं. प्रगणक वरच्या गल्लीतला असेल तर तो कसं सांगतो आणि समोरचा कसं ऐकतो, यावर सगळं अवलंबून.

संख्येवर अडलेल्या गोष्टी बारीक असतात, म्हणून त्या आधी लक्षात येत नाहीत. १,५०० पर्यंत लोकसंख्या असेल तर ग्रामपंचायतीत ७ सदस्य, १,५०१ झाली की ९. पुढे ३,०००, ४,५००, ६,०००, ७,५०० अशा पायऱ्या आणि जास्तीत जास्त १७. एका टोळीची दहा-बारा कुटुंबं फेब्रुवारीत इथे लिहिली गेली की नाही, यावर गावात दोन सदस्य कमी-जास्त होतात. अंगणवाडी ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक. आशा ताई साधारण हजारामागे एक. नळयोजना दरडोई रोज ५५ लिटरच्या हिशेबाने. चौदाशे माणसांना ७७ हजार लिटर लागतात. सहाशे माणसं बाहेर असतील तर ४४ हजारांत भागतं, आणि फेब्रुवारीत टाकी जवळजवळ दोन दिवस पुरते. मेमध्ये सगळे परततात, पाहुणे येतात, जनावरांनाही तेच पाणी, आणि विहिरीला तेव्हा दिवसाला तासभर पंप चालेल एवढंच उरतं. योजना "फसली" म्हणतात ती पुष्कळदा पाइपात फसलेली नसते. ज्या महिन्याचं गाव धरून ती आखली त्या महिन्यातच ती पुरते.

शाळेची गंमत याच्या उलट. पट धरला जातो ३० सप्टेंबरचा. तेव्हा गाव भरलेलं, सगळी पोरं वर्गात. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्याप्रमाणे साठपर्यंत पट असेल तर शिक्षक दोन, एकसष्टावर तीन. म्हणून सप्टेंबरात गुरुजी घरोघर फिरून पोरं गोळा करतात, आणि दिवाळीनंतर तीच पोरं ट्रॉलीत बसून जातात. त्यांना थांबवायला हंगामी वसतिगृह असतं. नाव वसतिगृह, पण झोपायची सोय आजीकडे. शाळेत सकाळ-संध्याकाळ जेवण. त्यात अडतं ते असं: ज्याला आजीच नाही ते पोर थांबत नाही, थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला म्हणून फडावर लागतेच, आणि अनुदान उशिरा आलं की डाळ पातळ होते. त्यामुळे वसतिगृहाच्या यादीत मुलगे जास्त, मुली कमी. शाळेच्या कागदावर सप्टेंबरचं गाव, जनगणनेच्या कागदावर फेब्रुवारीचं, आणि दोन्ही कागद एकाच कपाटात.

मुली कमी हे वाक्य बीड जिल्ह्यात लिहिताना हात अडखळतो. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८०७. राज्यात सगळ्यांत खाली. जिल्ह्याचा आकडा भक्कम असतो, एका गावाचा नसतो. शून्य ते सहाची नव्वद मुलगे आणि ऐंशी मुली असतील तर प्रमाण ८८९. पुढच्या महिन्यात दोन मुली जन्मल्या की ९११. तेवढ्यावर गावाला फलक लावून शाबासकी द्यायची किंवा बोट दाखवायचं, हे दोन्ही उथळ. पण ज्यांची कमतरता तेव्हा मोजली ती पोरं आता लग्नाच्या वयाला येताहेत. दीड एकरवाल्या, फडावर जाणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. मागणी घालताना मुलीकडचे आधी विचारतात, कोयता आहे का? म्हणजे लग्न झाल्यावर मुलीला तोडीला जावं लागणार का. आणि मुलाकडच्यांना लग्नाची घाई असते तीही त्याच कारणाने, बायको आली की अर्धा कोयता पुरा होतो. उचल दुप्पट. या हिशेबात मुलीचं वय कुठे बसतं ते न बोललेलं बरं. शाळेच्या दाखल्यावर ते असतंच. अठरा भरायला दोन-तीन वर्षं बाकी असतात.

कोकणात हेच दुसऱ्या रंगात दिसतं. रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, म्हणजे स्त्रिया वाढल्या असं नाही, पुरुष मुंबईला गेलेले. गणपतीत मोजलं असतं तर आकडा वेगळा आला असता. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हींची लोकसंख्या त्या दहा वर्षांत घटली. पण मुंबईकर चाकरमान्याला चाळीत मोजायला कुणीतरी येतं, त्याच्या दाराला क्रमांक असतो. कोपीला क्रमांक नसतो.

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच, पण या वेळी मोबाइलवर, आणि सगळ्यांची जात विचारणार. महिना बदला असं म्हणण्यात अर्थ नाही. उभ्या देशासाठी एकच महिना धरायचा तर कुणाचा ना कुणाचा हंगाम असणारच. काम करायचं आहे ते दुसऱ्या टोकाला, फडावर. घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मधली, म्हणजे नजरी नकाशे पट्टा पडल्यावरच्या दिवसांतले. तेव्हा कारखान्याजवळच्या माळावर, कालव्याच्या कडेला, उसाच्या बांधावर काहीच नसतं. हंगाम सुरू झाला की त्याच मोकळ्या जागेत शंभर-दोनशे कोप्या उभ्या राहतात, नकाशावर मात्र तिथे कोरा कागद. ज्याच्या गटात ती जागा येते त्या प्रगणकाला सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे, किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात, या घरांना क्रमांक देण्यापासून सुरुवात करावी लागेल. बांबू-पाचटाची का असेना, कोपी हे घरच आहे, तिथल्या माणसांना बेघरांच्या यादीत ढकलायचं नाही. सकाळी अकराला जाऊन उपयोग नाही. तेव्हा तिथे तान्ह्या भावाला झोळीत घालून झोका देणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी असते, आणि तिला बापाचं वय सांगता येत नाही. रात्री गाडी भरून झाल्यावर जावं, आठच्या पुढे. जन्मगाव आणि मागचं राहण्याचं ठिकाण विचारताना जिल्ह्यावर न थांबता गावाचं नाव लिहावं, कारण "बीड" एवढ्याने धारूरच्या म्हातारीच्या लेकांचा पत्ता लागत नाही. आणि टोळ्या कुठे कुठे उतरल्यात हे तहसिलीत विचारत बसू नये. कारखान्याच्या शेतकी खात्याकडे टोळीवार याद्या असतात, मुकादमाचं नाव आणि कोयते धरून. त्याहून जवळचं म्हणजे कारखान्याच्या त्या गटाचा चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस, गाठावा. आज कोणाच्या फडात तोड लागली आहे आणि उद्या टोळी कुठे हलणार, हे त्याला तोंडपाठ असतं, आणि पहाटे पाचपासून तो मोटारसायकलवर तिथेच फिरत असतो.